साडीचा काठ सरळ हवा

कोणती लेन्स घेऊ, असं कुणी विचारलं की बरीच वर्षं माझं उत्तर तयार असायचं. झूम घ्यायची तर एफ/२.८ चीच घे, नाहीतर थांब आणि पैसे साठव. काम कसलं, कॅमेरा कोणता, खिशात किती, हे विचारण्याआधीच मी निकाल देऊन मोकळा व्हायचो. कॅमेऱ्याच्या खोक्यात सोबत येणारी १८-५५ माझ्या लेखी लेन्सच नव्हती. कॅमेरा दुकानातून घरी येईपर्यंत धूळ बसू नये म्हणून लावलेलं झाकण, एवढीच तिची किंमत. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात लग्नांचे फोटो काढणारी पोरं माझं ऐकायची आणि त्यातल्या काहींनी त्यापायी हप्तेही भरले.

आता मी तसं सांगत नाही. हे मत कुणाशी वाद घालून बदललेलं नाही, एखादं परीक्षण वाचूनही नाही. सुरतच्या साडीनं ते बदललं, तेही सावकाश, मी बराच काळ कुरकुरत असताना.

आधी जुन्या मताची बाजू सांगतो, कारण ते वेडेपणाचं नव्हतं. रोलच्या जमान्यात कॅमेऱ्यात एकदा रोल भरला की आयएसओ ठरून जायचा, मग उजेड वाढवायला हातात उरायचं ते लेन्सचं तोंड. डिजिटल आल्यावरही पहिली काही वर्षं फार फरक पडला नाही. २००४ ची निकॉन डी७० आणि २००५ ची कॅनन ३५०डी, दोन्ही आयएसओ १६०० ला थांबायच्या, आणि १६०० ला काढलेल्या फोटोवर कुणी रवा सांडलाय असं वाटायचं. रात्रीची वरात, डोक्यावर एक हॅलोजन. साध्या लेन्सला पुढच्या टोकाला एफ/५.६ च्या वर जाता येत नाही. एफ/२.८ त्याच्या चौपट उजेड आत घेते. म्हणजे जिथे शटर एक-तीसांशला अडकायचं आणि नवरदेवाचा हात फराटा होऊन उमटायचा, तिथे एक-सव्वाशेवर काम व्हायचं. शिवाय एसएलआरमध्ये बटण दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच असते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही उजळ दिसतं. अनेक कॅनन बॉडींमध्ये मधला फोकस पॉइंट एफ/२.८ च्या लेन्सला जास्त अचूक पकडतो. हे सगळं खरं होतं आणि आहे. आणि हा हट्ट तसा झूमच्या जन्मापासूनचाच. ३५ मिमीच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स, १९५९ ची फॉइक्टलेंडर झूमार, ३६ ते ८२ मिमीची होती आणि तीही एफ/२.८. झूम सामान्य हौशी माणसाच्या हातात गेली ती मात्र १९६३ च्या निकॉनच्या ४३-८६ मुळे. ती एफ/३.५ ची, लहान, परवडणारी, आणि सरळ रेषा वाकवण्याबद्दल बदनाम. रेषांचं प्रकरण पुढे येणारच आहे.

पण मनोगत लिहायला बसलोय तर हेही लिहितो: उजेड हे अर्धंच कारण होतं. मी घेतली होती ती कॅननची २४-७० एफ/२.८, २०१२ सालची दुसरी आवृत्ती. ८०५ ग्रॅम वजन, ८२ मिमीचा फिल्टर, पुढे महागड्या मालिकेची लाल पट्टी. लग्नाची बोलणी करायला मुलीचे वडील आले की ती लेन्स टेबलावर असायची, आणि ती तिथे चुकून राहिलेली नसायची. एफ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसायचं, पण काचेचा घेर कुणालाही दिसतो. शेजारच्या गल्लीतल्या फोटोग्राफरपेक्षा माझा भाव जास्त का, याचं उत्तर न बोलता मिळून जायचं. त्यामुळे ‘लेन्स तीच घ्यावी’ असं मी जेव्हा इतरांना सांगायचो, तेव्हा त्यात थोडा स्वतःच्या खरेदीचा बचावही असायचा.

आमचं घर मूळचं अमळनेरकडचं. सुरत-भुसावळ लाइनने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला उतरत आली. कुणी लूमवर लागलं, कुणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कुणी कापड मार्केटात पोटले उचलायला. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली आमची पिढी घरात अहिराणी, वर्गात मराठी आणि रिंग रोडवर गुजराती-हिंदी बोलत मोठी झाली. त्यामुळे लग्नांचा हंगाम सरला की कामासाठी मार्केटचा जिना चढणं ओघानंच आलं. आपल्याकडे लग्नात आहेराच्या साड्यांचा जो गठ्ठा येतो, तो बहुतेक वेळा सुरतेहून आलेला असतो, आणि तो गठ्ठा विकत घेण्याआधी नगरच्या किंवा नांदेडच्या दुकानदारानं त्या साड्यांचे फोटो पाहिलेले असतात. ते फोटो म्हणजे कॅटलॉग. पूर्वी तो छापून जायचा. आता छापून होण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव पोचतो.

एका कॅटलॉगात सहा, आठ किंवा बारा डिझाइनं असतात. प्रत्येक साडीचा एक फोटो पूर्ण उंचीचा, एक कमरेपासून वरचा, एक पाठमोरा पदर दाखवणारा, आणि एक कामाचा क्लोजअप: जरी, टिकल्या, खडे, जे काही असेल ते. एका दिवसात मॉडेल पंधरा-वीस साड्या बदलते. कला दाखवायला वेळ नसतो.

मी दाखवली. पहिल्याच कामात मोठ्या खिडकीचा उजेड होता, मॉडेल देखणी होती, हातात नवी लेन्स होती. एफ/२.८ ठेवून डोळ्यांवर फोकस केला, मागचं सगळं विरघळून गेलं. मला स्वतःला ते फोटो अजून आवडतात. शेठनी लॅपटॉपवर दोन-तीन पाहिले आणि म्हणाले, “भाई, साडी वेचवानी छे.” साडी विकायची आहे, एवढंच. साडी नेसवायला आलेल्या दोंडाईच्याच्या ताई मागून वाकून बघत होत्या. त्यांनी सकाळपासून एकेक निरी पिनेनं बसवली होती. त्या मला अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, मन्या निऱ्या कोठे ग्यात?”

निऱ्या धुरात गेल्या होत्या. हे का होतं त्याचा हिशेब साधा आहे आणि तो मी लग्नाच्या धामधुमीत कधी केलाच नव्हता. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरून वरून खाली एक मीटर मावेल अशी कमरेपासून वरची फ्रेम घेतली, तर एफ/२.८ ला पुढून मागे साधारण १३ सेंटिमीटर एवढीच खोली स्पष्ट येते. लेन्स ५० ची असो की १०५ ची, फ्रेम तेवढीच ठेवली तर यात जवळजवळ फरक पडत नाही. चेहऱ्यापासून पदर पुढे धरलेल्या हातापर्यंतचं अंतर याच्या दुप्पट-तिप्पट असतं. एफ/८ ला हीच खोली जवळपास ४० सेंटिमीटर होते, एफ/११ ला अर्ध्या मीटरच्या थोडी पुढे जाते. म्हणजे चेहराही हवा, पदरही हवा, खांद्यावरच्या ब्लाउजची शिवणही हवी, तर एफ/८ ते एफ/११ याला पर्याय नाही. मग खिडकी सोडायची आणि स्टुडिओ लाइट लावायचे. ते लागले की उजेडाचा प्रश्नच संपतो, लाइटची ताकद हवी तितकी वाढवता येते.

आणि इथे माझ्या लाल पट्टीची पहिली पंचाईत झाली. एफ/८ ला सगळ्याच लेन्स एफ/८ असतात. ज्या मोठ्या तोंडासाठी आपण एवढे पैसे मोजले, एवढं वजन गळ्यात घातलं, ते तोंड बटण दाबताक्षणी मिटून इतरांइतकंच होतं. १८-५५ ला नावं ठेवताना माझं आवडतं कलम होतं की तिचं अ‍ॅपर्चर झूम करताना बदलतं, ३.५ वरून ५.६ वर घसरतं. ते पूर्ण उघडं ठेवलं तरच. एफ/८ लावून ठेवलं की १८ लाही आठ आणि ५५ लाही आठ. स्टुडिओत ‘स्थिर अ‍ॅपर्चर’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. हे मला तांत्रिकदृष्ट्या आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि त्यानुसार खरेदी करणं यात आमच्या धंद्यात बरंच अंतर असतं.

तरीही मी पटकन हार मानली नाही. म्हटलं, उजेडाचं जाऊ दे, महाग लेन्सची धार तर आहे. २४-७० ची धार खरोखर चांगली आहे, यावर माझं मत आजही तेच आहे. पण शेठ धार बघत नव्हते, काठ बघत होते. साडीचा काठ ही सरळ रेषा असते, आणि पाठमोऱ्या फोटोत पदराचे दोन्ही काठ फ्रेमच्या कडेला समांतर उभे येतात. लेन्सनं कडेची रेषा जराही बाहेर फुगवली तर कापडच वाकडं विणलंय असं वाटतं. २४ मिमीला जवळजवळ प्रत्येक स्टँडर्ड झूम असं फुगवते, महाग असो वा स्वस्त. पुढे सरकलं की ते कमी होत जातं आणि बऱ्याच लेन्समध्ये मग रेषा किंचित आत दबू लागतात. २०१० च्या लाइटरूम ३ पासून लेन्सचं प्रोफाइल लावून हे बरंचसं सरळ करता येतं, पण सरळ करताना कडेचा थोडा भाग कापला जातो आणि नेमका तिथे काठ असतो.

त्याहून मोठा घोटाळा अंतराचा. २४ ला पूर्ण उंचीची बाई फ्रेममध्ये मावते ती दीड मीटरच्या आतून. एवढ्या जवळून पुढे टाकलेलं पाऊल पसरट होतं, कॅमेऱ्याकडे आलेला हात डोक्याएवढा दिसतो, खालच्या निऱ्या सापडतात त्या पंख्यासारख्या उघडलेल्या. ७० ला तीच फ्रेम घ्यायला सुमारे चार मीटर मागे जावं लागतं आणि साडी आरशात दिसते तशी पडते. मार्केटातल्या खोल्या साडेचार-पाच मीटर खोल असल्या तरी खूप, तेव्हा उभ्या फोटोला ७० च्या आसपास आणि पाठ भिंतीला, अशीच माझी जागा ठरून गेली. १०५ ला पूर्ण उंची घ्यायची तर सहा मीटर लागतात. तेवढी खोली रिंग रोडवर भाड्यानं घ्यायची तर लेन्सचा खर्च किरकोळ वाटेल.

मग अर्ध्या उंचीचे फोटो. मी पोरांना सांगायचो, झूम पायांनी कर, चार पावलं पुढे जा. स्टुडिओत चार पावलं पुढे गेलं की सॉफ्टबॉक्स डोक्यावर येतो, आपलीच सावली पदरावर पडते आणि अंतर बदललं म्हणून चेहऱ्याचा आकारही बदलतो. शेजारशेजारच्या दोन पानांवर एकच मॉडेल दोन बहिणींसारखी दिसते. उभं राहण्याची जागा न बदलता फ्रेम आवळता यायला हवी. त्यासाठी ७० च्या पुढे जावं लागतं. २४-७० तिथेच संपते.

एकदा पावसाळ्यात काम थंड असताना जुने सगळे फोटो लाइटरूममध्ये घेऊन बसलो आणि फोकल लेंग्थ व अ‍ॅपर्चरनुसार वेगळे केले. आकडे मोजत बसलो नाही, गरजही नव्हती, ढीग डोळ्यांना दिसत होते. कॅटलॉगचा मोठा ढीग एफ/८ आणि एफ/११ वर. आणि फोकल लेंग्थच्या यादीत ५० ते ७० मध्ये गर्दी, त्यातही अगदी ७० वर इतकी दाटी की सरळ कळत होतं, हा माणूस रिंग पुढे फिरवतोय आणि ती फिरत नाहीये. २४ ते ३५ मध्ये कॅटलॉगचे फोटो जवळजवळ नव्हतेच. एफ/२.८ चे होते ते सगळे लग्नातले. त्या दुपारी मी माझ्या मताकडे प्रथमच गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहिलं.

लेन्स बदलून ८५ किंवा १०० ची लावली तर प्रश्न सुटला असता, असं कुणी म्हणेल. सुरतेत नाही. साड्यांच्या खोलीत हवेत तंतू असतात. घडी उलगडली, झटकली, इस्त्री केली की बारीक लव उडते आणि दिवसभर तरंगत राहते. तिथे दर साडीला लेन्स काढ-घाल केली की ती लव सेन्सरवर जाऊन बसते. गंमत अशी की एफ/२.८ ला ती दिसतही नाही; अ‍ॅपर्चर जितकं लहान तितकी तिची सावली ठळक. एफ/११ ला पांढऱ्या पार्श्वभूमीवर करडे ठिपके आणि वळवळीत रेघा, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी. रात्री ते एकेक पुसत बसायचं. ज्याला लहान अ‍ॅपर्चरवर काम करायचंय त्यानं कॅमेरा कमीत कमी उघडावा, आणि कमीत कमी उघडायचा तर एकाच लेन्समध्ये लांब पल्ला हवा. लांब पल्ल्याची झूम बहुधा एफ/२.८ नसते. माझ्या जुन्या नियमातून माझाच धंदा बाहेर पडत होता.

शेवटी २४-१०५ एफ/४ घेतली, जुनी, वापरलेली. २००५ साली कॅनन ५डी बरोबर आलेली ही लेन्स, ६७० ग्रॅम. धारेचे तक्ते लावून बसणाऱ्यांना ती फारशी आवडत नाही आणि २४ ला तिचं रेषा फुगवणं तर उघड आहे. पण मी २४ ला जातच नाही. उभा फोटो ७० ला, अर्धा १०५ ला, पाय जमिनीला चिकटलेले. शेठना लेन्स बदलल्याचं कळलंही नाही. काम लवकर आटोपतं एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी एका दिवसात आणखी चार साड्या घातल्या.

पण मला खरोखर खजील केलं ते त्या १८-५५ ने. क्लोजअपचं काम होतं, बारीक जरीची बुट्टी फ्रेमभर हवी होती. माझी २४-७० सर्वांत जवळून घेते तेव्हा फ्रेमच्या लांबीत सुमारे १७ सेंटिमीटर कापड मावतं. २४-१०५ ही फार पुढे जात नाही. जुन्या ५५० डीवर पडून असलेली १८-५५ सहज लावून पाहिली. ती वीत-दीड वीत अंतरावर फोकस करते आणि फ्रेममध्ये साडेसहा-सात सेंटिमीटरच कापड घेते. म्हणजे जिला मी झाकण म्हणायचो ती जरीच्या तारेपर्यंत जात होती. प्लॅस्टिकचा माउंट, डळमळीत फोकस रिंग, सगळे दोष जिथल्या तिथे होते. तरी एफ/११ ला, लाइट लावून, स्टँडवर ठेवून काढलेला तो क्लोजअप कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर गेला. आता तो कॅमेरा आणि ती लेन्स जोडीनं क्लोजअपसाठीच ठेवली आहे, कधी वेगळी करत नाही.

धारेबद्दलचं माझं भाबडेपणही कापडानंच उतरवलं. विणीचे ताणे-बाणे आणि सेन्सरवरच्या पिक्सेलांची जाळी यांची नको ती गाठ पडली की फोटोत रंगीत लाटा उमटतात, साडीवर नसलेलं डिझाइन साडीवर येतं. याला आम्ही मॉइरे म्हणतो, आणि जॉर्जेट-शिफॉनवर तो कधी येईल याचा भरवसा नसतो. यावर उपाय म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे चित्र अगदी किंचित मऊ करणारा फिल्टर असतो. २०१२ मध्ये निकॉननं डी८०० काढला तेव्हा सोबत डी८००ई काढला, त्या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला, जास्त धारेसाठी. डोंगर-दऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांना तो पर्वणी होता. साडीवाल्यांच्या हाती मात्र धारदार लेन्स आणि असा कॅमेरा एकत्र आले की पदरावर मोरपिसं नाचायची. मग करायचं काय? अर्धं पाऊल मागे-पुढे व्हायचं, झूमची रिंग जराशी फिरवायची म्हणजे सेन्सरवर विणीचा आकार बदलतो, किंवा एफ/१६ ला जायचं, जिथे प्रकाश अरुंद फटीतून वाकून येतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. मी वर्षानुवर्षं ज्या गुणाच्या नावानं लेन्स खपवत होतो, तो गुण मुद्दाम बोथट करून फोटो पास करावा लागत होता. या शहरात लेन्सला थोडं कमी दिसत असलं तरी चालतं, कधी कधी बरंच असतं.

रंगाचं एवढंच सांगतो की वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्सची झाक थोडी वेगळी असते आणि करडं कार्ड धरून ती सुधारता येते. पण एकाच कॅटलॉगात दोन कंपन्यांच्या लेन्स मिसळल्या तर रात्री बारा वाजता ‘राणी’ आणि ‘गुलाबी’ यांच्या मधला रंग शोधत बसावं लागतं, आणि चुकला तर परगावचा दुकानदार लॉट परत पाठवतो.

मग लाल पट्टीची लेन्स विकून टाकली का? नाही. लग्नांबाबत माझं मत अर्धंच बदललंय. लिंबायतच्या गल्लीत हळदीची रात्र असते, डीजेच्या गाडीवर लाल-निळे एलईडी, आजी-मावश्या नाचतात, आणि फ्लॅश मारला की तो सगळा रंग उडून नुसते दचकलेले चेहरे उरतात. तिथे एफ/२.८ अजूनही उपयोगी पडते. २४-१०५ ला हात थरथरण्यावर उपाय करणारी यंत्रणा आहे, पण ती आपला हात सावरते. नाचणाऱ्या आजीला थांबवू शकत नाही. फक्त पूर्वीइतकी निकड राहिली नाही. २०१२ च्या ६डीवर मी आयएसओ ६४०० बिनधास्त लावतो. ३५०डीच्या १६०० च्या पुढे ही दोन पूर्ण पावलं झाली, म्हणजे एफ/५.६ आणि एफ/२.८ मध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच. लेन्सनं जे मिळवून द्यायचं ते सेन्सरनं देऊन टाकलं. माझं जुनं मत जुन्या कॅमेऱ्यांबद्दल होतं. कॅमेरे बदलले आणि मी मत तेवढं तसंच ठेवून दिलं.

मिररलेस कॅमेरे आल्यापासून लग्नवाल्यांनी डीएसएलआरच्या लेन्स धडाधड विकायला काढल्या आहेत, त्यामुळे नव्या माणसाला ही वेळ चांगली आहे. गेल्या महिन्यात बहिणीचा मुलगा आला, नंदुरबारकडची लग्नं धरायची म्हणतो. हातात वापरलेली, लहान सेन्सरची क्रॉप बॉडी आणि एका लेन्सपुरते पैसे. पूर्वी मी त्याला डोळे झाकून २४-७० एफ/२.८ सांगितली असती आणि ती क्रॉप बॉडीवर ३८ पासून सुरू होते, मांडवात भिंतीला पाठ लावूनही सगळे वऱ्हाडी मावत नाहीत, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं असतं. या वेळी म्हणालो, कॅमेऱ्यासोबतची १८-५५ आणि एक ५० मिमी एफ/१.८ घे, एक हंगाम काढ, मग तुझे फोटो कुठल्या आकड्यावर जमतात ते आपण बघू.

तो ऐकून घेतो आणि म्हणतो, “मामा, तुम्ही स्वतः टू-पॉइंट-एट घेऊन लग्नात फिरता आणि मला किट लेन्स सांगता.”

यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. मुलीच्या वडलांना लेन्सचा घेर दिसतो, हे त्याला नंदुरबारमध्येही भोगावं लागणार आहे आणि ते मी त्याला शिकवायची गरज नाही. शेवटी आम्ही मधली वाट काढली: टॅमरॉनची २००६ सालची १७-५० एफ/२.८, वापरलेली. क्रॉप बॉडीसाठीच बनवलेली, हलकी, आणि त्याच्या पैशात बसणारी. हात थरथरण्यावर उपाय नसलेली साधी आवृत्ती घे म्हटलं, नाचणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं मारून आतल्या काचांवर बुरशीचं जाळं आहे का बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. रिंग फिरवताना कुठे अडकते का, लेन्स खाली झुकवली की नळी आपोआप बाहेर घसरते का, तेही बघ. दोन्ही टोकांना एफ/२.८ लावून चारही कोपरे तपास, एक कोपरा बाकीच्यांपेक्षा धूसर असेल तर काचा हललेल्या आहेत, सोडून दे.

त्यानं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि जाताना विचारलं, “आणि तुमची ती लाल पट्टीवाली? लग्नसराई नसताना पडूनच असते ना?”

त्याला म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे, मग बोलू.